तोतया

आपल्याकडे कुणाला काहीही झालं की एक सल्ला तयारच असतो. "प्रतिकारशक्ती वाढव." सर्दी झाली, वाढव. केस गळतायत, वाढव. २०२० च्या करोनानंतर तर विचारूच नका. काढे, चूर्णं, गोळ्या, जिथे बघावं तिथे 'इम्युनिटी'. प्रतिकारशक्ती म्हणजे जणू बँकेतली शिल्लक, जेवढी जास्त तेवढी बरी.

माझ्या ताईला हा सल्ला २००९ पासून मिळतोय. तिला रुमॅटॉइड आर्थरायटिस आहे. घरात आम्ही त्याला आमवात म्हणतो, बाहेरचे लोक सरसकट संधिवात म्हणतात आणि "या वयात?" असं विचारतात. निदान झालं तेव्हा ती एक्केचाळीस वर्षांची होती. सकाळी उठल्यावर तासदीड तास बोटं मिटायचीच नाहीत. कणीक मळणं बंद झालं, मग भाकरी थापणं, मग दिवाळीत सोऱ्या फिरवणं. एकदा तिने फोनवर सांगितलं, "अगं, आज दुधाची पिशवी कात्रीने कापायलासुद्धा शेजारच्या मुलीला बोलावलं." ती हसत होती. मला काय बोलावं ते सुचेना.

मी शाळेत विज्ञान शिकवते. त्यामुळे घरातल्या सगळ्या दुखण्यांचं भाषांतर करण्याचं खातं माझ्याकडे आहे. डॉक्टर बोलतात ते मराठीत आणायचं, आणि आत्या-मावश्या बोलतात ते शक्यतो ताईच्या कानापर्यंत जाऊ द्यायचं नाही. कारण ताईचं दुखणं प्रतिकारशक्ती कमी पडल्याचं नव्हतंच. ती शक्ती नको तिथे वापरली जात होती. आपल्याकडे म्हण आहे ना, कुंपणानेच शेत खाल्लं तर दाद कुणाकडे मागायची? तसं. जंतूंशी लढायला नेमलेली यंत्रणा सांध्याच्या आतल्या अस्तरालाच शत्रू समजते. अस्तर सुजतं, फुगतं, मग कूर्चा कुरतडायला लागतं आणि शेवटी हाड.

हे सगळं ताईला समजावून झाल्यावर तिने जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. ती म्हणाली, "पण माझंच अंग माझ्यावर का उठलं? मी काय वाईट केलं होतं त्याचं?"

गोळ्यांवर सात वर्षं निघाली. मेथोट्रेक्सेटने बराच आधार दिला, मग तो कमी पडू लागला. २०१६ मध्ये पुण्यातल्या डॉक्टरांनी इंजेक्शनं सुचवली. नाव एटॅनरसेप्ट. आठवड्यातून दोनदा, घरच्या घरी पोटावर किंवा मांडीवर टोचून घ्यायची. ताईने साफ नकार दिला. "आधीच अंग माझं ऐकत नाही. त्यात बाहेरचं काहीतरी घालून त्याची उरलीसुरली ताकद काढून घ्यायची?" दाजी गप्प. मी म्हटलं, निदान हे औषध आहे तरी काय ते बघू. मग रात्री पेपर तपासून झाले की वाचत बसायचे. त्यातून जे हाती लागलं ते इतकं विलक्षण होतं की तेव्हापासून ते कुणाला तरी नीट सांगावंसं वाटतंय.

आपल्या शरीरात ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर नावाचं एक प्रथिन असतं. थोडक्यात टीएनएफ. १९७५ साली न्यूयॉर्कला एलिझाबेथ कार्सवेल, लॉइड ओल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला हे नाव दिलं, कारण उंदरांच्या काही गाठी त्याने मरत होत्या. पण त्याचं रोजचं काम दवंडी पिटण्याचं. कुठे जंतू शिरले की हा दवंडीवाला निघतो आणि पेशीपेशीच्या दारावर थाप मारतो. ते दार म्हणजे रिसेप्टर. दारावर थाप पडली की आतली पेशी खडबडून जागी होते, सूज येते, ताप येतो, कुमक धावते. जंतू असतील तर हे हवंच. ताईच्या सांध्यांत मात्र जंतू नसताना दिवसरात्र दवंडी चालू होती.

आता गंमत बघा. टीएनएफ आधी पेशीच्या अंगालाच चिकटलेलं असतं. एक विकर, म्हणजे एन्झाइम, कात्रीसारखं येऊन ते कापतं आणि मोकळं सोडतं. ही कात्री १९९७ साली सापडली. आणि हीच कात्री पेशीच्या दारांचेही बाहेरचे भाग कापते! कापलेली दारं रक्तात मोकळी फिरू लागतात. शास्त्रीय मराठीत त्यांना 'विद्राव्य रिसेप्टर' म्हणायचं, म्हणजे पेशीला न चिकटता द्रवात विरघळून फिरणारे. दवंडीवाला यांच्यावरही थाप मारतो, मारल्यावर तिथेच अडकतो, पण मागे घरच नसल्यामुळे आत कुणी जागं होत नाही. निरोप तिथेच जिरतो.

म्हणजे दवंडी सुरू करणारं शरीर तिला आवर घालायची सोयही बरोबरच करत होतं. मी हे वाचलं तेव्हा रात्रीचे साडेबारा झाले होते. उठून पाणी प्यायले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

हे मोकळे रिसेप्टर पहिल्यांदा कुठे सापडले असतील? लघवीत! १९८८-८९ च्या सुमारास तीन वेगवेगळ्या गटांना. जिनिव्हात जाँ-मिशेल डायर यांच्या गटाला तापाच्या रुग्णांच्या लघवीत टीएनएफला थोपवणारं काहीतरी दिसलं. इस्रायलमध्ये रेहोव्होतच्या वाइझमन संस्थेत डेव्हिड वालाक यांच्या गटाला माणसाच्या लघवीतून टीएनएफला पकडून ठेवणारं प्रथिन वेगळं काढता आलं. स्वीडनमध्ये लुंडला मूत्रपिंडं निकामी झालेल्यांच्या लघवीत तेच मिळालं. पुढे कळलं की हे म्हणजे पेशीच्या दाराचेच कापलेले तुकडे.

हे सांगितल्यावर दाजींचा चेहरा खुलला. "म्हणजे मोरारजीभाई बरोबरच होते म्हणायचे." नाही हो दाजी! प्रथिन तोंडावाटे गेलं की पोटाला ते आणि तुरीचं वरण सारखंच. दोन्ही पचतात. म्हणूनच तर सुई.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. सिअ‍ॅटलमधल्या इम्युनेक्स या कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९९० मध्ये यातल्या एका रिसेप्टरची जनुकीय कुंडली मांडली, तेव्हा ती सशांच्या एका विषाणूतल्या प्रथिनाशी जुळली. तो विषाणू हाच डाव टाकतो. सशाची दवंडी सशाच्या पेशींना ऐकू जाऊ नये म्हणून असली खोटी दारं स्वतःच बनवून सोडतो. म्हणजे औषध कंपन्यांना जे सुचलं ते निसर्गात दोघांनी आधीच करून ठेवलं होतं, आपल्या शरीराने शांततेसाठी आणि विषाणूने घरफोडीसाठी.

ताईला हे समजावताना मला शब्द सापडला तो तोतया. पानिपतात १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले आणि पुढे 'मीच भाऊ' म्हणत एक तोतया उभा राहिला, ही गोष्ट आम्ही लहानपणी आजोबांकडून ऐकलेली. त्या तोतयामागे माणसं गोळा झाली, मोठं बंड झालं, आणि १७७६ मध्ये त्याचा शेवट झाला. चेहरा भाऊंचा, पण आत भाऊ नाहीत. मी म्हटलं, "ताई, हे औषध म्हणजे तोतया आहे. टीएनएफ त्याला खरं दार समजून मुजरा करतं आणि तिथेच अडकून बसतं. फरक इतकाच की हा तोतया बंड करत नाही, बंड मोडतो."

पण शरीरातला मूळ तोतया फार टिकत नाही. तो लहानसा असतो, मूत्रपिंडातून चटकन निघून जातो. म्हणून शास्त्रज्ञांनी दोन दारं शेजारी शेजारी ठेवली आणि त्यांना माणसाच्या अँटिबॉडीचं शेपूट जोडलं. दोन दारांमुळे पकड घट्ट झाली आणि शेपटामुळे मुक्काम वाढला. शरीरातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण चार दिवस लागतात. हे प्रथिन तयार करतात चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातल्या पेशींकडून, मोठमोठ्या टाक्यांमध्ये. १९९७ मध्ये १८० रुग्णांवरच्या चाचणीचे निकाल प्रसिद्ध झाले. जास्त मात्रा मिळालेल्यांपैकी ७५ टक्के लोकांना तीन महिन्यांत ठरलेल्या मापाने बरं वाटलं, नुसतं दिखाऊ इंजेक्शन मिळालेल्यांपैकी १४ टक्के. नोव्हेंबर १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. त्याच्या आधी लंडनच्या चेअरिंग क्रॉस हॉस्पिटलात मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी यांनी टीएनएफला अँटिबॉडीने अडवून दाखवलं होतं की या आजारात खरा म्होरक्या हाच. दोघांना त्यासाठी २००३ चं लास्कर पारितोषिक मिळालं.

इथपर्यंत गोष्ट छान आहे. पण ताई माझी मोठी बहीण आहे, विद्यार्थिनी नाही. तिला अर्धी गोष्ट सांगून भागणार नव्हतं. "आणि वाईट काय होऊ शकतं?" हा तिचा पुढचा प्रश्न होता, अगदी शांतपणे विचारलेला.

वाईटही बरंच आहे. रक्तात जंतू पसरून रुग्ण गंभीर होतो तेव्हा टीएनएफचा पूर आलेला असतो. मग तिथे तोतया सोडला तर माणूस वाचेल, असं तर्काने कुणालाही वाटेल. अशा १४१ रुग्णांवर हेच प्रथिन वापरून पाहिलं गेलं. १९९६ साली निकाल आले. औषध न मिळालेल्या गटात ३० टक्के रुग्ण दगावले होते आणि सर्वांत जास्त मात्रेच्या गटात ५३ टक्के. ज्या दवंडीने सूज येत होती तीच दवंडी जंतूंना थोपवतही होती. ती पार बंद केल्यावर घर उघडं पडलं.

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्येही प्रतिकारयंत्रणा स्वतःवरच उलटलेली असते, तिथे ती मज्जातंतूंचं आवरण खाते. म्हणून याच जातीचं लेनरसेप्ट नावाचं औषध १६८ रुग्णांना देऊन पाहिलं. १९९९ मध्ये कळलं की ज्यांना औषध मिळालं त्यांना झटके जास्त आले आणि लवकर आले. क्रोन्सच्या आजारात, म्हणजे आतड्यांच्या सुजेत, अँटिबॉडी चालते पण एटॅनरसेप्ट चालत नाही. एकच दवंडीवाला, पण गावागावात त्याचं काम वेगळं.

आणि आपल्या देशात तर क्षय. जगातले सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत. त्याहून कितीतरी जास्त लोकांच्या छातीत क्षयाचे जंतू झोपलेले असतात, कारण शरीराने त्यांच्याभोवती पेशींची भिंत बांधून त्यांना कोंडून ठेवलेलं असतं. ती भिंत उभी ठेवायला टीएनएफ लागतं. तोतयाने ते पळवलं तर भिंत ढासळू शकते. एटॅनरसेप्टमध्ये हा धोका अँटिबॉडीपेक्षा कमी दिसतो, पण आहेच.

ताईची टोचून केलेली तपासणी पॉझिटिव्ह आली. छातीचा फोटो स्वच्छ होता. आमचे आजोबा, तेच तोतयाची गोष्ट सांगणारे, क्षयाने गेले होते, आणि ताई त्यांच्याच खोलीत झोपायची. निकाल बघून ती एवढंच म्हणाली, "म्हणजे आजोबांचं काहीतरी अजून माझ्याजवळ आहे." डॉक्टरांनी आधी आयसोनियाझिड सुरू केलं, महिना उलटल्यावर इंजेक्शनं, आणि पुढचे काही महिने दोन्ही बरोबर. या महिन्याभराच्या थांबण्याने ताईचा विश्वास बसला असं मला वाटतं. भीती खरी आहे हे मान्य करून तिची व्यवस्था केली की माणूस तयार होतो. "काही होत नाही हो" असं म्हटल्याने होत नाही.

पैशांचं म्हणाल तर २०१३ पासून सिप्लाने भारतात एटॅनरसेप्टची स्वस्त आवृत्ती, म्हणजे बायोसिमिलर, आणली होती. स्वस्त म्हणजे मूळ औषधाच्या मानाने. दाजींनी एक मुदत ठेव मोडली आणि कुणाला सांगितलं नाही. मला बँकेच्या कागदांवरून कळलं.

पण ताईचा मूळ प्रश्न तसाच होता. माझंच अंग माझ्यावर का उठलं? मला त्याचं जे उत्तर मिळालं ते देते, पटतंय का बघा.

रुमॅटॉइड आर्थरायटिसच्या रुग्णांच्या रक्तात आणि सांध्यातल्या पाण्यात हे विद्राव्य रिसेप्टर मोजले गेलेत. मला वाटलं होतं की ते कमी असतील, म्हणून आजार. तर ते वाढलेले निघाले! म्हणजे सांध्यात आग लागली होती तेव्हा शरीर हातावर हात ठेवून बसलेलं नव्हतं. नेहमीपेक्षा जास्त तोतये सोडत होतं. फक्त टीएनएफ त्याहूनही जास्त होतं, पुरे पडत नव्हते. उलट बाजूचंही उदाहरण आहे. आयर्लंड-स्कॉटलंडमधल्या काही घराण्यांत पिढ्यान् पिढ्या येणारा एक ताप होता. १९९९ मध्ये कळलं की त्यांच्या टीएनएफ रिसेप्टरच्या जनुकात बिघाड आहे आणि काहींमध्ये दारं नीट कापलीच जात नाहीत. पुढे त्या आजाराची आणखीही कारणं दिसली, पण आवर घालणारा कमी पडला की काय होतं याचा अंदाज त्यावरून येतो.

असे आवर घालणारे आणखीही आहेत. इंटरल्यूकिन-१ नावाच्या दुसऱ्या दवंडीवाल्याची वाट अडवणारं एक प्रथिन आपलं शरीर बनवतं. त्याचीच नक्कल अ‍ॅनाकिन्रा म्हणून २००१ पासून औषध आहे. टी पेशींना 'पुरे' म्हणून सांगणाऱ्या सीटीएलए-४ या रिसेप्टरचा मोकळा भाग घेऊन, त्यालाही तसंच शेपूट जोडून, अबॅटासेप्ट झालं. २००५ पासून तेही आमवातावर चालतं. आणि याच सीटीएलए-४ चा लगाम सोडवला तर सुटलेल्या टी पेशी कर्करोगावर तुटून पडतात, हे जेम्स अ‍ॅलिसन यांनी दाखवलं. त्यांना २०१८ चं नोबेल मिळालं, तासुकू होन्जो यांच्याबरोबर. त्या रुग्णांपैकी काहींची मग आतडी सुजतात, कुणाची थायरॉइड बिघडते. लगाम सोडल्याची किंमत. एकाला जे वाढवून हवं तेच दुसऱ्याला कमी करून हवं. आता सांगा, "प्रतिकारशक्ती वाढव" हा सल्ला नेमका कुणाला द्यायचा?

मी ताईला हे सगळं तिच्या ओट्यापाशी उभं राहून सांगितलं. ती मटार सोलत होती, हळूहळू, अंगठ्याच्या बाजूने. म्हणाली, "म्हणजे माझं अंग भांडतही होतं आणि भांडण सोडवतही होतं."

"हो."

"आणि हे इंजेक्शन सोडवणाऱ्याच्या बाजूचं."

"त्याच्याच घराण्यातलं."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग ठीक आहे. मला वाटायचं, सगळंच माझ्या विरोधात गेलंय."

चमत्कार वगैरे झाला नाही. दीड-दोन महिन्यांनी सकाळचं आखडणं कमी होत होत पंधरावीस मिनिटांवर आलं. उजव्या हाताची दोन बोटं वाकडी झाली आहेत ती वाकडीच राहिली. हाडाचं झालेलं नुकसान औषध भरून काढत नाही, फक्त पुढचं थांबवतं. एकदा छातीत कफ झाला तेव्हा तीन आठवडे इंजेक्शन बंद ठेवावं लागलं आणि सांध्यांनी लगेच आठवण करून दिली. पण ती आता स्वतः कणीक मळते. भाकरी दाजी थापतात, वाईट थापतात, आणि त्यावरून रोज वाद होतो.

औषधाचं घरातलं नाव 'भाऊसाहेब' पडलंय. ते फ्रीजमध्ये दह्याच्या भांड्याशेजारी राहतात. लोडशेडिंग असलं की दाजी बर्फ घेऊन हजर. माझ्याकडे राहायला यायचं झालं की भाऊसाहेब थर्मासमधून एसटीने येतात, खिडकीपाशी, मांडीवर. टोचायच्या आधी अर्धा तास बाहेर काढून ठेवायचे असतात, थंडगार टोचलं की दुखतं.

आज बुधवार आहे. आत्ताच ताईचा मेसेज आलाय, भाऊसाहेब बाहेर येऊन बसलेत म्हणून.